दहाचा उणे सातवा घात

पिंपरीच्या औषध कारखान्यात मी नोकरीला लागलो तेव्हा आजूबाजूला नुसता माळ होता. प्रयोगशाळेत माझ्या जोडीला परभणीकडचा एक केमिस्ट होता आणि आमच्यावर पुण्याचे एक वयस्कर साहेब. साहेबांचा दंडकच होता : आकडा लिहायचा तो सगळ्या शून्यांसकट.

एका सकाळी आम्ही औषधासाठी बुरशी वाढवायच्या टाकीतल्या द्रवात तांबं किती ते तपासलं. तांबं जास्त झालं की बुरशी वाढत नाही. टाकी दहा हजार लिटरची. माझ्या हिशेबाने तिच्यात चार ग्रॅम तांबं होतं, जोडीदाराच्या हिशेबाने चाळीस.

"चाळीस असेल तर माल वाया गेला. टाकी सोडून द्यावी लागेल," साहेब म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगा."

मी पुन्हा मांडलं. एका मिलिलिटरमध्ये ०.००००००४ ग्रॅम. शून्यं मोजता मोजता डोळ्यांपुढे नाचायला लागली. एकदा सहा भरली, एकदा पाच. उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. खाली टाकीपाशी माणूस हुकमाची वाट बघत उभा होता.

"राव, माझंच चुकलं असंल का?" जोडीदाराने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

मी कोरा कागद ओढला आणि कॉलेजात शिकवलं होतं तसं लिहिलं : ४ × १०⁻⁷. टाकीत मिलिलिटर १०⁷. घात एकमेकांत उडाले, उरले चार. मग त्याचा आकडा तसाच लिहून पाहिला, तर निघाला ४ × १०⁻⁶. मोजणीच्या वहीत मिलिलिटरला ०.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ × १०⁻⁶ ग्रॅम होतं; ग्रॅममध्ये आणताना त्याचं एक शून्य गळलं होतं.

साहेबांनी कागदावर बोट ठेवून घात पुन्हा जुळवून पाहिले. मला तिथे उभं राहवेना.

"टाकी राहू द्या," ते शेवटी म्हणाले.

मला असा चेव आला की त्या दिवशी मी बुरशीला घालायच्या साखरेच्या वजनालाही घात लावला. साहेबांनी बोलावून घेतलं. "पंचवीस किलो सरळ लिहा. शून्यं मोजावी लागतील तिथेच घात वापरा."

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कामावर आलो की आधी टाकीकडे जायचो, काचेतून आत बघायचो. आठवड्याच्या शेवटी बुरशी दाट वाढलेली दिसली. जोडीदार शेजारी येऊन उभा राहिला, म्हणाला, "चला, चहा घेऊ."