बोटावरचा मृगाचा किडा

माझे वडील साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुटीच्या दिवशी परसात पालथे पडून किड्यांचे फोटो काढायचे. शेजारी हसत. वडिलांना त्याचं काही नव्हतं. लाकडी कॅमेऱ्याचा भाता लांब ओढला, की अळूच्या वाफ्यातला ज्वारीएवढा जीव मागच्या काचेवर सुपारीएवढा दिसे, आणि तोही उलटा. काळ्या कापडाखाली डोकं घातलं की वाटायचं, आपण मातीच्या पोटात शिरलोय. ओल्या पाचोळ्याचे डोंगर वरून लटकत, आकाश खाली साचलेलं असे, आणि पांढरे इवले जीव मधूनच कुठंतरी निघालेले असत. जेवायला हाका मारल्या तरी मला ऐकू यायच्या नाहीत.

लढाईत फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळेनाशा झाल्या. शेवटची एक उरली. तेवढ्यात पलटणीतून मामाचं पत्र आलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तिनंच कडेवर घेऊन वाढवलेला. आक्काचा चेहरा नीट आठवेनासा झालाय, एक फोटो धाडा, असं त्यानं लिहिलं होतं. प्लेट आईसाठी ठेवायची ठरली. पण आई ऐकेना. तिच्या वडिलांनी उंब्रजला फोटो काढून घेतला आणि वर्षाच्या आत ते गेले. फोटोनं आयुष्य कमी होतं, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. पोरं लहान आहेत, म्हणाली. ती पोरं आम्हीच.

दोन दिवस वडिलांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग आईच वाफ्यातून मृगाचा लाल मखमली किडा बोटावर घेऊन आली.

"ह्येचा काढा. हात लावला की मेल्यागत पडतोय, हलायचा न्हाई."

वडील रागावलेले होते, तरी किडा बघून विरघळले. जित्याची खोड. आईनं बोट कुंडीच्या काठावर टेकवलं, वडिलांनी सावकाश वीस अंक मोजले. त्या प्लेटांवर लाल रंग काळा यायचा, तसा किडा काळा आला. खाली बोटाचं टोक आणि त्यावर कोयत्याची जुनी खूण. वडिलांनी रागारागानं तोच फोटो मामाला धाडला. मला आईचा फार राग आला होता. मामा परत आलाच नाही तर, असं रोज मनात यायचं.

लढाई संपल्यावर प्लेटा पुन्हा मिळू लागल्या आणि मामा आला, वाळून काळा झालेला. ओसरीवर बसून त्यानं खिशातून फोटो काढला. किडा जसाच्या तसा होता. बोट मात्र अंगठ्यानं चोळून चोळून पुसून गेलं होतं.

"हितं खूण होती, आक्का. माज्यासाठी ऊस सोलताना झालेली," तो म्हणाला. "रोज तुजा हात धरून निजायचो."

आईनं त्या पुसलेल्या जागेवर आपलं बोट टेकवलं. मग वडिलांना म्हणाली, "आवं, आता माजा काढा. व्हायचं तेवढं आयुष्य कमी हू द्या."

त्या फोटोत आईनं भीतीनं डोळे घट्ट मिटलेत आणि मामाचा हात धरलाय.