चुलीवर न चढलेली कॉफी

आमच्या काकूंनी उभ्या आयुष्यात एकदाही कॉफी उकळली नाही.

आज पहाटे त्या गेल्या. नव्वदीला टेकल्या होत्या. रडगाणं लिहिणार नाही, त्यांना खपलं नसतं. कॉफीचं तेवढं सांगते.

काकू गुलबर्ग्याच्या. लग्न होऊन तुळजापूरला आमच्या घरी आल्या आणि थोड्याच दिवसांत एकाच राज्यातली ही दोन गावं वेगळी झाली: गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं, आम्ही मुंबई राज्यात आलो.

माहेर बसल्याजागी परराज्य झालं.

येताना त्यांनी एक पितळी डबा आणला होता. आत कॉफीच्या बिया. वडलांनी स्वतः भाजून दिलेल्या.

आमचं घर चहाचं. आणि स्वयंपाकघर आत्याचं.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन परतलेली. सोवळं असं कडक, की तिच्या चुलीच्या बाजूला बघतानाही आम्ही पोरं हात मागं बांधून उभी राहायचो.

डबा बघून ती म्हणाली, "हे काळं पाणी माझ्या चुलीवर चढायचं न्हाई. आधीच सांगून ठेवते."

"बरं, वन्सं," काकू म्हणाल्या.

काका शाळेत मास्तर. वर्गात वाघ, घरात दोघींनाही भिणारे. ते हळूच म्हणाले, "चहा घेत जा की. होईल सवय."

काकू म्हणाल्या, "गाव बदललं. भाषा बदलली. नाव तुम्ही बदललंत. तोंडाची चव तेवढी माझी राहू द्या."

काका टोपी उचलून शाळेला निघाले. मी दारात उभी होते, सात-आठ वर्षांची.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बाजारातून एक नवं गाडगं आणलं.

बिया खलबत्त्यात जाडसर कुटल्या. पीठ होऊ दिलं नाही. काकांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधली, गाडग्यातल्या गार पाण्यात सोडली. गाडग्याला ओलं फडकं गुंडाळून खिडकीत ठेवलं, वाऱ्याच्या तोंडाला.

सकाळी पुरचुंडी वर टांगली. थेंब थेंब निथळू दिली. मी पिळायला गेले तर हातावर चापट बसली.

"इल्ला! नाही पिळायचं. पिळून काय निघतं? कडूच."

मग गुळाचा खडा. झाली कॉफी.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी. "हे काय चालवलंयस?"

"चुलीवर चढवलं का, वन्सं?"

"न्हाई."

"मग?"

मग आत्याचे टोमणे सुरू झाले. "आलीस का तुझं डबकं ढवळून?" हे आम्ही रोज ऐकायचो. काकू रोज "व्हय" म्हणायच्या आणि पेला तोंडाला लावायच्या.

अशी काही वर्षं गेली. डबा रिकामा झाला की माहेराहून भरून यायचा.

एका चैत्रात आत्या, काकू आणि मी एसटीनं येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला निघालो. आत्याचा नियम होता: घराबाहेर पडलं की परक्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. म्हणून ती घरून फिरकीचा तांब्या भरून घ्यायची.

त्या दिवशी फिरकी नीट बसली नव्हती; तांब्या एसटीत लवंडला. सगळं पाणी सीटखाली.

येरमाळ्याला उतरलो तर डोक्यावर ऊन. दर्शनाची रांग मोठी. आत्याचे ओठ सुकले, बोलणं अडखळायला लागलं. हॉटेलवाला आपणहून पाणी घेऊन आला, "घ्या माय." आत्यानं मान फिरवली. मग ती होती तिथंच मट्‌कन खाली बसली. चेहरा पांढराफटक.

मी घाबरून रडायला लागले. ही बाई नियमापायी जाणार, हे मला त्या वयातही कळत होतं.

काकूंनी पिशवीतून आपला तांब्या काढला. "घ्या, वन्सं."

"काय हाय?"

"माझं डबकं."

त्या अवस्थेतही आत्यानं चौकशी सोडली नाही. "पाणी कुठलं?"

"तुमच्याच सोवळ्याच्या घागरीतलं. तुम्हीच ओतून दिलेलं."

"बी भाजलेली असती की गं."

"कोरडी भाजलेली. फुटाण्यासारखी. फुटाणे तुम्हाला चालतात."

"चूल?"

"लागलीच नाही. तुमच्याच शब्दाखातर."

आत्यानं तांब्या हातात घेतला. मग वर धरून घटाघटा प्यायली.

"कडू हाय," ती म्हणाली.

थोड्या वेळानं म्हणाली, "अजून हाय का?"

काकू हसल्या नाहीत. जिंकल्यासारखं तोंडही केलं नाही. पदरानं आत्याचा चेहरा पुसला आणि तांब्या पुन्हा पुढं केला. काकू मला आवडायच्याच. त्या दिवसापासून मी त्यांना मानायला लागले.

दुसऱ्या सकाळी आत्या म्हणाली, "चढव आता चुलीवर. माझी ना न्हाई."

"नको, वन्सं. अशीच बरी लागते."

त्यानंतर आत्या होती तोवर गाडग्याशेजारी दोन पेले असायचे.

पुढं घरात स्टोव्ह आला, गॅस आला, फ्रीज आला. काकूंचं गाडगं खिडकीतून हललं नाही. गेल्या दिवाळीत माझी नात पुण्याहून कोल्ड ब्रूची बाटली घेऊन आली. "आजी, ही एकदम नवीन पद्धत आहे, गार पाण्यात भिजवतात!" काकूंनी एक घोट घेतला. बाटली खाली ठेवली.

"पिळलीय," म्हणाल्या.

आज दुपारी आम्ही स्मशानातून परतलो. आंघोळी झाल्या. अशा दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. गॅसही नाही, चहाही नाही. पोरंबाळं, सुना, पुतणे, सगळे सुकल्या तोंडानं बसून होते. शेजारून पिठलं-भात यायला अवकाश होता.

खिडकीत गाडगं होतं. काल संध्याकाळी काकूंनी स्वतः भिजत घातलेलं.

मी पुरचुंडी टांगली. निथळू दिली. पिळली नाही.

सगळ्यांना घोट घोट पुरली. माझ्या आठवणीत एवढं घर पहिल्यांदाच एकत्र काकूंची कॉफी प्यायलं.

काकू, तुमची चव तुमचीच राहिली. या आता.