बेल वाजली नाही म्हणजे पास!

चार मेकॅनिक एकत्र बसले की किस्से भंगारासारखे साठत जातात. कुणी आणून टाकले आठवत नाही, पण फेकवतही नाहीत. आमचे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. माझ्या मात्र अजून डोक्यात तिडीक जाते!

परभणीत स्टेशन रोडला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. मी, वाइंडिंग करणारे माजिदभाई, पॉलिटेक्निकात शिकवणारे सर आणि ताडकळसचा गौतम. विहिरीवरच्या मोटारीला तीन फेज लागतात. एक गेली की मोटार नुसती घुमते आणि जळते. म्हणून आम्ही एक डबा बनवला. फेज गेली की डबा मोटार बंद करणार.

सरांचा हट्ट, की डब्यातल्या तारांचा नकाशा लपवायचा नाही. ज्याला पाहिजे त्यानं न्यावा, बनवावा, सुधारावा. सगळ्यात जास्त हे पटलं गौतमला. ताडकळसचं त्याचं दुकान या डब्यावरच तगणार होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, आणि गिऱ्हाईक दुकानाच्या पाटीवरचं नाव वाचून पुढं जायचं. तो म्हणायचा, "डबा असा बनवतो, का कुणाला बोट ठेवायला जागाच न्हाई पायजे."

* * *

पोखर्णीकडचा एक मेकॅनिक नकाशा बटर पेपरवर ट्रेस करून घेऊन गेला. थोड्या दिवसांनी परत आला, तोंड पाडून. त्याचे सगळे डबे उफराटे चालत होते. फेज आली की मोटार बंद, फेज गेली की चालू! कागद पालथा धरून त्यानं उजवीकडच्या सगळ्या तारा डावीकडं जोडल्या होत्या.

"आवो, कागुद दोन्हीकडून सारखाच दिसायलाय!"

"मग शर्टपण उलटा घालून फिर की!" मी ओरडलो. एका माणसाची मोटार धूर काढून बसली होती, आणि हा कागदाचं सांगत होता.

सर शांत. त्यांनी मूळ नकाशाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात लिहिलं: 'हे वाचता आलं तर कागद सुलटा आहे.'

* * *

पालमच्या एका दुकानदारानं तर कहर केला. म्हणाला, "तुमचा डबा घडी घडी मोटार बंद करायलाय. मी सुधारणा केली."

उघडून बघतो तर आत एक तार सरळ आरपार टाकलेली. डब्याचा मोटारीशी काही संबंधच उरला नव्हता!

"अरे, मग डबा कशाला लावतोस?"

"डबा पायजे ना! डबा बघूनच तर गिऱ्हाईक यायलंय."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

* * *

मग ठरलं, दुकानातून निघणारा प्रत्येक डबा तपासूनच जाणार, आणि माणसाच्या मर्जीवर काही ठेवायचं नाही. ट्रकच्या वायपरची मोटार आणली, ती बॅटरीवर जोडली. तिनं एक लाकडी रूळ फिरायचा आणि एकेक फेज आपोआप तोडायचा. डब्यानं बोर्डावरची चाचणीची मोटार बंद केली तर ठीक, नाहीतर लाईटवर चालणारी बेल वाजणार. सुरुवातीला ती इतकी वाजली की शाळा भरल्यासारखं वाटायचं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बेल अजिबात वाजेना. आम्ही खूश! संध्याकाळी गौतमनं बोर्ड उचकटला तर बेलच्या वाटीत चिंधी कोंबलेली.

"क्या टणटण लगाके रक्खे बा," माजिदभाई म्हणाले. "सर दुख रा मेरा."

"माजिदभाई, ती वाजते म्हणजे कुणाची तरी मोटार जळणार असते!"

"तो मेरे कान में कायकू जलाते?"

* * *

याच्यावर कडी सरांनी केली. मी मार्केटला गेलो होतो, परत आलो तर सर पेढे वाटत होते. टेबलावरचा एकूण एक डबा पास! पालमच्या त्या सुधारकाचा डबासुद्धा पास!

"अहो सर, त्यात नुसती तार आहे!"

"बेल वाजली नाही म्हणजे पास," सर म्हणाले. "नियम आपणच केलाय."

मी वर बघितलं. पंखा बंद. लाईट केव्हाचीच गेली होती! बॅटरीवरचा रूळ आपला गुमान फिरत होता, आणि ज्या तारांत करंटच नाही त्या तोडत होता. सर घामाघूम होऊन पेढे वाटत होते, पण पंख्याकडं बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी पेढ्याचा पुडा उचलून बाहेर भिरकावला. गौतमनं बोर्डावर हिरवा बल्ब जोडला आणि सरांना म्हणाला, "आधी चालू झाल्यालं दिसलं पायजे सर. मगच बंद झाल्याचं कवतिक."

* * *

प्रत्येक पास डब्यावर बनवणाऱ्याचं नाव पत्र्यावर ठोकायचं, असा आमचा रिवाज. म्हणजे बिघडला तर कुणाला धरायचं ते कळतं. गौतमचे डबे कधी परत आले नाहीत. तरी लोक उचलायचे, नाव वाचायचे आणि खाली ठेवायचे. चीड यायची, पण कुणाकुणाशी भांडणार?

एका पाटलांनी मात्र नेला. चालतो म्हणाले. आम्हाला केवढा आनंद! खंडेनवमीला त्यांचा निरोप आला, मोटार बंद पडलीय. गौतम आणि मी सायकलवर गेलो.

विहिरीवरच्या खोलीत हत्यारांची पूजा मांडली होती. कुऱ्हाड, विळे, स्टार्टर, आणि मधोमध आमचा डबा. त्याला झेंडूची माळ, आणि 'गौतम' या अक्षरांवरच हळदकुंकू.

गौतम दाराशी आला तसे पाटील म्हणाले, "तू बांधावर थांब. आत पूजा हाय."

तो थांबला. मी आत जाऊन बघितलं. एक फेज गेली होती आणि डब्यानं मोटार वाचवली होती. मी तसाच पाटलांकडं वळलो.

"पाटील, तुम्ही कुंकू कुणाच्या नावाला लावलंय, वाचलं का?"

"वाचलं की," पाटील उदबत्ती ओवाळत म्हणाले. "पर ती वस्तू हाय. डब्याला कसला इटाळ?"

बांधावरून गौतमचा आवाज आला, "पाटील, मग मला बी डबाच समजा!"

आणि हातात पक्कड घेऊन तो सरळ आत आला.