शून्य नंबर कुणाचा

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे 'पुन्हाबघू' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे; पण तिला माहीत आहे. कुठलंही काम झालं की ती "पुन्हा एकदा बघू" म्हणते आणि खरंच बघते. घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा, कुलूप तीनदा. दादा रस्त्यावर ताटकळत उभा. तो देवमाणूस आहे म्हणून संसार सुरळीत चाललाय. माझं डोकं केव्हाच फिरलं असतं.

कारखाना म्हणजे तरी काय, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मी पत्र्याच्या पेट्यांना भोकं पाडतो, दुसऱ्या खोलीत वहिनी त्या पेट्यांत जीव ओतते. लसी ठेवायच्या फ्रिजला या पेट्या लागतात. आत किती अंश तापमान आहे ते दर पाच मिनिटांनी पेटी लिहून ठेवते. तिच्यात साठवणी दोन. आतल्या मेमरीत पेटी चालवणारा प्रोग्राम, आणि बाहेरून खोचलेल्या कार्डावर तापमानाची नोंद. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. मलाही एवढंच कळतं.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला एका लसीकरण केंद्रातून सिस्टरांचा फोन आला, वहिनीने तो स्पीकरवर घेतला. रात्री वीज गेली होती. पेटी तिच्या बॅटरीवर नोंद करत राहिली, पण पहाटे वीज यायच्या जरासं आधी बॅटरी संपली, आणि आता पेटी काही उठेना. नियम असा, की रात्रभर फ्रिज गार होता हे नोंदीवरून दाखवता आलं नाही तर सगळ्या लसी फेकून द्यायच्या. बाहेर बावीस आया पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"परत एकदा बंद-चालू करून बघते," सिस्टर म्हणाल्या.

"नको! बटणाला हात लावू नका!"

वहिनी ओरडली. नऊ वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. हातातलं ड्रिल तसंच ठेवून मी तिच्या खोलीत धावलो.

"आतापर्यंत किती वेळा चालू केलंत?"

"मी एकदाच केलं हो."

"आणि पहाटे वीज आल्यावर ती आपोआप एकदा. म्हणजे दोन." वहिनीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "सिस्टर, आधी तिची पिन काढा. मग डाव्या बाजूचं कार्ड हलकेच दाबा, ते बाहेर येईल. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावून नोंदीची फाइल दिसते का बघा. काही पुसू का असं विचारलं तर 'नाही' म्हणायचं."

"बघते. पण ऑफिसची किल्ली क्लार्ककडे आहे, वेळ लागेल."

फोन बंद झाला. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "माझीच चूक आहे रे."

मग तिने सांगितलं. पेटी सुरू होताना जी साठवण आधी 'हजर' म्हणेल तिला शून्य नंबर मिळतो, दुसरीला एक. शून्य म्हणजे आतली मेमरीच, असं वहिनी धरून चालली होती, आणि इतके दिवस ते खरंही होतं. पण पेटी लवकर सुरू व्हावी म्हणून गेल्या आठवड्यात तिने जो नवा प्रोग्राम पाठवला, त्यात दोघींना एकदमच हाक जात होती. तिने तो पन्नास वेळा तपासला. पन्नासही वेळा टेबलावरच्या त्याच जुन्या, मंद कार्डावर! ते बिचारं कायम मागे पडायचं. सिस्टरांच्या पेटीत नवं चपळ कार्ड, आणि नव्या प्रोग्रामनंतर ती बंद होऊन चालू झाली ती आज पहाटे पहिल्यांदाच. त्याने शून्य नंबर पटकावला आणि पेटी आपला प्रोग्राम कार्डावर शोधत बसली.

हे एवढंच असतं तर निभावलं असतं. पण काळजीपोटी वहिनीने आणखी एक सोय करून ठेवली होती. पेटी तीनदा उठली नाही, तर प्रोग्राम खराब झाला असं समजून शून्य नंबर पुसायचा आणि सगळं नव्याने लिहायचं. म्हणजे सिस्टरांनी आणखी एकदा बटण दाबलं असतं, तर रात्रीची नोंदच साफ झाली असती. रोगापेक्षा इलाज भयंकर.

तेवढ्यात मालक आले. सगळं ऐकून म्हणाले, "विजेचा दाब कमी-जास्त झाला म्हणून सांगू. कुणाला काय कळतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण वहिनी आधी बोलली. "नाही साहेब. चूक माझी, तसंच सांगणार. बाकीच्या सदतीस केंद्रांनाही आत्ताच कळवा, पेटी बंद करू नका म्हणून." मालक पुटपुटत फोनकडे गेले.

वाट बघणं मला जमत नाही. "आता दुरुस्त कसं करणार?" मी विचारलं.

"नंबर विचारायचाच नाही. प्रत्येक साठवणीवर तिची स्वतःची ओळख कोरल्यासारखी लिहिलेली असते, ती वाचायची. कोण आधी आलं याच्याशी काय देणंघेणं? उद्या तू दादाच्या आधी उठलास, म्हणून मी तुला 'अहो' म्हणू का?"

मी हसलो. ती हसली नाही. तिचा एक डोळा फोनवर होता.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. वहिनीने तो उचलला आणि टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"फाइल मिळाली," सिस्टर म्हणाल्या. "शेवटची नोंद पाच वाजून दहा मिनिटांची, वीज सव्वापाचला आली. रात्रभरात तापमान आठ अंशांच्या मर्यादेच्या वर एकदाही गेलं नाही. डॉक्टरांनी सही केली, लसी चांगल्या आहेत."

मी म्हणालो, "सिस्टर, मग पोरांचं काय?"

"सुरू झालं की! ऐका."

त्यांनी फोन कुठेतरी पुढे धरला असावा. एक तान्हं पोर टाहो फोडून रडत होतं, त्याची आई "झालं, झालं" म्हणत होती, आणि त्या पोराचं ऐकून दुसऱ्यानेही सूर लावला. वहिनीने टेबलावर डोकं टेकलं. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं.

"थांब रे," ती म्हणाली. "रडू दे त्यांना."