गिरणीला माणूस पाहिजे

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या वर्षी मी सांगलीहून तेलावरचं जुनं इंजिन बैलगाडीत घालून गावी आणलं आणि पिठाची गिरणी थाटली. गिरणीला माणूस मिळवणं म्हणजे काय हे ठाऊक असतं, तर त्या फंदात पडलोच नसतो.

इंजिन चालवायला आधी एक पैलवान आला. त्याने चाकाला असा हिसका दिला की हँडल निसटून तो स्वतःच उताणा पडला. मग माधवनगरच्या कापडगिरणीत दहा वर्षं काढलेले म्हणून एक गृहस्थ आले. तिथे ते फाटकावर राखणीला बसत, हे तिसऱ्या दिवशी कळलं. बायका जोंधळ्याच्या पाट्या घेऊन येत आणि पदराआड हसत परत जात. मी घरीदारी सगळ्यांवर डाफरत असे.

मग तो आला. अंगात खाकी कोट, लष्कराच्या मोटारी दुरुस्त करण्यात चार वर्षं गेलेली. मी "या, बसा" म्हणालो, पण तो बसला नाही. स्टोव्ह पेटवून त्याने इंजिनाचं डोकं तापवलं, एक नळी काढून फुंकली, चाक फिरवलं आणि इंजिन लागलं. आनंदाच्या भरात मी त्याला जागच्या जागी नेमलं. आडनाव विचारायचं राहिलं.

संध्याकाळी त्यानेच सांगितलं, "मालक, म्या पल्याडच्या गावचा. हितल्या महारवाड्यात भनीकडं ऱ्हातो. मागनं बोलनं नगं."

त्याला काढावा तर इंजिन बंद, ठेवावा तर गिऱ्हाईक बंद. मग मी एक युक्ती काढली. तिचा तेव्हा मला अभिमान वाटला, आता किळस येते. इंजिन शेजारच्या खोलीत होतं, पट्टा भिंतीतल्या भोकातून जात्याकडे येई. त्याने भिंतीपलीकडे राहायचं, मागच्या दाराने यायचं-जायचं, धान्याच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. धान्य ओतायला तो पहिला पैलवान ठेवला. "चालंल," एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करू लागलो. गावाला सगळं ठाऊक होतं, पण मध्ये भिंत होती म्हणून गाव गप्प होतं.

तीन महिने गिरणी झकास चालली. मग बाजाराच्या आदल्या दिवशी, ऐन गर्दीत, एका म्हातारीचा पदर पट्ट्यात गेला. ती फरफटत ओढली गेली. पैलवान जागीच थिजला आणि मी, मालक, नुसता ओरडत राहिलो. पट्टा थांबला तेव्हा भिंतीपलीकडचा तो आत उभा होता. दांडक्याने पट्टा पाडून, पदर फाडून त्याने म्हातारीला सोडवलं होतं. त्याचा हात कोपरापर्यंत सोलून निघाला होता. म्हातारी खोकत होती, म्हणजे जिवंत होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आवं, त्यो आत आला की! समद्या पाट्या बाटल्या."

सगळे माझ्याकडे बघू लागले. म्हातारीसुद्धा. याने जीव वाचवला, एवढं एकच वाक्य मी बोलायचं होतं. मी त्याच्यावर खेकसलो, "तुला आत यायला कुणी सांगितलं होतं रे?"

तो वळला. मागच्या दाराने निघून गेला आणि पुन्हा आला नाही.

दोन दिवस इंजिन लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. माफी मागायला गेलो होतो, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. साफ खोटं आहे ते.

हाताला फडकं बांधून तो ओट्यावर बसला होता. "इंजिन लागंना म्हनून आलासा व्हय?"

मी मान डोलावली.

"तुमी आत येऊ नगं म्हनला हुता, त्ये म्या इसरलो न्हवतो, मालक. पर भिंतीआड उभा ऱ्हाऊन ती म्हातारी मरताना आयकायची हुती व्हय म्या?"

खाली मान घालून मी उन्हात उभा राहिलो. त्याची बहीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, मला ओळखून उंबऱ्यातच थबकली आणि तांब्या घेऊन परत आत गेली. मला फार तहान लागली होती. मी पाणी मागितलं नाही.