प्लायवुडपलीकडचा पहिला नंबर

आधीच सांगून टाकतो, मेहुण्याला मी तिसऱ्या नंबरावर बसवलं ती माझी चूक होती. झालं, कबूल केलं, आता पुन्हा कुणी उकरून काढायचं नाही. बायकोचा भाऊ दिवसभर दुकानात, बायको घरात, आणि रात्री जेवायला मला घरीच जायचं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. तुम्ही माझ्या जागी असतात तर त्याला दुसरा नंबर दिला असता.

माझं गेम पार्लर आहे. चार मोठ्या मशिनी, प्रत्येकीसमोर दोन स्टुलं, प्रत्येक स्टुलासमोर एक दांडा आणि सहा बटणं. पडद्यावर दोन पहिलवान एकमेकांना बुकलून काढतात, ज्याचा जीव आधी संपला तो हरला. खेळ एवढाच. पण त्यात कोण भारी आणि कोण त्याहून भारी, यावरून माझ्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी सख्ख्या भावांत वाटणीवरून होत नाहीत. भिंतीवर एक पांढरा बोर्ड आहे. दर सोमवारी मी त्यावर पहिले दहा नंबर लिहितो आणि मंगळवारपासून शिव्या खातो.

पण ही गोष्ट माझी नाही, टेलरवहिनींची आहे. त्यांचं शिलाईचं दुकान माझ्या शेजारी. मधे भिंत म्हणायला प्लायवुडचं पार्टिशन, तेही तेव्हा मी स्वस्तातलं लावलं. भिंतीला कान असतात म्हणतात. माझ्या भिंतीला वहिनींचे कान होते. शिलाई मशिनीचा आवाज ऐकून सुई कधी बोथट झाली ते त्यांना कळतं. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या चपलेचा आवाज ऐकून त्या सांगतात की याच्या पँटची घडी उसवलेली आहे. आणि कान जेवढा तयार तेवढीच जीभ. त्यांनी नावं ठेवली नाहीत असा माणूस आमच्या गल्लीत नाही. मला त्या तोंडावर सांगतात की तुमचं धंद्यात लक्ष नाही. लक्ष आहे.

सगळ्यात जास्त नावं त्यांनी ठेवली ती त्यांच्या मिस्टरांना. मिस्टर कोर्टात टायपिस्ट होते. अठ्ठावीस वर्षं टाइप केलं, मग कॉम्प्युटर आले, टाइपरायटर गेले, पाठोपाठ हेही वेळेआधी घरी आले. शांत, किडकिडीत माणूस. वहिनींना मदत करायला जायचे आणि काहीतरी मोडून यायचे. सुईत दोरा ओवायला दिला तर सुई हरवायची, कप धुवायला दिला तर कान हातात यायचा. "तुमच्या हातात काही टिकत नाही," हे वहिनींचं वाक्य मी प्लायवुडमधून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

एकदा वहिनींनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं, आवाज कमी करा म्हणून सांगायला. दुपारची वेळ, दुकान बंद, मी डबा खात होतो. निरोप सांगून झाला तरी साहेब हलेनात. बटणांकडे बघत उभे. मी म्हटलं, बसा की. बसले, आणि त्यांनी बटणांवर बोटं ठेवली, दोन नाही, सगळी. पंधरा मिनिटांत मला मारलं. दुसऱ्यांदा पाच मिनिटांत मारलं. माझा घास तसाच राहिला.

तेव्हापासून दर मंगळवारी अडीच वाजता, दुकान बंद असताना, ते मागच्या दारानं यायचे. घरी सांगायचे, वाचनालयात जातो. मला शपथ घातली होती की हिला कळता कामा नये. साठीला आलेला माणूस बटणं बडवतो म्हटल्यावर ही मला जगू देणार नाही, म्हणायचे. पण एक हौस होती. म्हणाले, कोर्टात अठ्ठावीस वर्षांत कुणी चांगलं टाइप केलंस म्हणालं नाही, चुका तेवढ्या लाल शाईनं गोल करून परत यायच्या. मला नाव नको, पण मी कितवा आहे ते एकदा कळू दे. म्हणून मी बोर्डावर नवव्या जागी "अडीच" असं लिहिलं. पोरांना वाटायचं, दहा भरत नाहीत म्हणून मी खोटा माणूस घुसवलाय. साहेब मात्र दर मंगळवारी आल्या आल्या बोर्ड बघायचे आणि विचारायचे, सरकलो का वर? मी मान हलवायचो. वर सरकवला असता तर पोरांनी हा कोण म्हणून माझा जीव घेतला असता. भित्रा आहे मी, हेही कबूल.

अशात पत्र आलं. मोठ्या शहरात मोठी स्पर्धा, प्रत्येक पार्लरनं आपले पहिले दोन खेळाडू पाठवावेत, आणि खाली लिहिलेलं, यादी सर्वमान्य असावी. सर्वमान्य! लिहिणाऱ्याच्या घरी कधी भाऊबंद जेवायला आले नसणार.

पत्र वाचून दाखवलं आणि रणधुमाळी सुरू झाली. वादळ म्हणून एक कुरिअरवाला आहे, त्यानं तीन वर्षांपूर्वी एक कप जिंकला होता, अजून त्या कपावरच जगतो. त्याचं म्हणणं, जिंकलेले कप मोजा. औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आहे, तिला आम्ही गणित म्हणतो, कारण कुठल्या फटक्याला किती वेळ लागतो ते ती वहीत लिहून ठेवते. आठ महिन्यांपूर्वी आली, कानामागून आली आणि तिखट झाली. तिचं म्हणणं, जुने कप कपाटात ठेवा, या महिन्यात कोण किती जिंकलं ते बघा. त्यावर तिसरा माझ्याकडे बोट करून म्हणाला, नुसतं किती जिंकलं नाही, कुणाला हरवलं ते बघा, कारण याच्या मेहुण्याला पाच वेळा हरवलं तर तो पाच वेळा विजय होत नाही. मेहुणा उठला. स्टूल पडलं.

तेवढ्यात प्लायवुडवर लाकडी पट्टीचे तीन फटके बसले आणि पाठोपाठ वहिनी दारात. गळ्यात टेप, हातात पट्टी.

काय बोलल्या ते सगळं सांगत नाही, बराचसा भाग माझ्याबद्दल होता. पण मग त्या म्हणाल्या की तुमचा खेळ मला कळत नाही, पडद्याकडे मी कधी बघितलं नाही, पण जन्म काज-बटणात गेलाय, बटणांवर पडलेला हात मला कळतो. आणि एकेकाचा हिशेब लावला. एक जण बटणांवर राग काढतो, त्याचं घरी कुणी ऐकत नसणार. वादळनं खाली बघितलं. एकीचा हात स्वच्छ आहे, पण ती मोजते, आणि मोजताना थांबते. एक जण घाबरून प्रत्येक बटण दोनदा दाबतो, त्याला तिसरा कुणी केला, असं म्हणून माझ्याकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आणि तुमच्यातला सगळ्यात चांगला हात आत्ता इथे नाहीच," वहिनी म्हणाल्या. "तो मंगळवारी अडीचला येतो. समोर कुणीतरी ढ बसतो, तरी तो हात नीट खेळतो."

मला ठसका लागला. ढ म्हणजे मी.

झालं, सगळ्यांनी एका सुरात ठरवलं की यादी वहिनींनी लावायची. चेहरे बघायचे नाहीत, नावं ऐकायची नाहीत, येत्या रविवारी पार्टिशनच्या पलीकडे बसून नुसतं ऐकायचं. याहून सर्वमान्य काय असणार? फक्त वादळनं एक अट घातली, जो रविवारी हजर नाही त्याला नंबर नाही. म्हणजे तो खोटा अडीच आपोआप कटेल.

मंगळवारी मी साहेबांना सांगितलं, रविवारी येऊ नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. स्पर्धा झाली की मी तुम्हाला गुपचूप आठवा करतो. त्यांनी बोर्डावरचं आपलं अडीच वाचून घेतलं. मग म्हणाले, "तिनं एकदा ऐकावं. मी आहे हे न कळता. मग जो नंबर देईल तो देईल." 

रविवारी सकाळी अकराला पार्लर भरलं. डावीकडचं स्टूल प्लायवुडला चिकटून आहे, ज्याची परीक्षा त्यानं तिथं बसायचं आणि तिघांशी खेळायचं. पलीकडे वहिनी हातात एक फ्रॉक घेऊन त्याची कड दुमडत बसल्या होत्या, मिस्टरांना त्यांनी स्वतःच वाचनालयात पाठवलं होतं, माझं आज महत्त्वाचं काम आहे, मधे मधे करू नका म्हणून. आणि मिस्टर मागच्या दारानं आले ते डोक्यावर हेल्मेट घालून. काच खाली. मी कपाळावर हात मारला. पोरं हसून लोळली. कुणी विचारलं, काका, गाडी कुठे लावली? साहेब स्टुलावर बसले आणि घामेजलेले हात पँटला पुसले. 

बोटं मात्र चुकली नाहीत. मेहुण्याला त्यांनी इतक्या लवकर संपवलं की तो अजून नीट बसतच होता. मग वादळ बसला. वादळनं नेहमीसारखा धिंगाणा घातला, साहेब नुसते मागे सरकत राहिले, आणि तो दमल्यावर चार फटक्यांत त्याला आडवा केला. हसणं बंद झालं. गणिताशी खेळताना मात्र साहेब हरले. आत श्वासानं काच धुरकटली होती आणि ती वर करायची सोय नव्हती.

सगळ्यांचं आटोपल्यावर वहिनी खडूनं नंबर लिहिलेली कापडाची चिंधी घेऊन आल्या. कितवा बसलेला कितवा, ते खालून वाचत आल्या, नावं आम्ही लावत गेलो. मेहुणा दहावा. वादळ तिसरा. गणित दुसरी. मग चिंधी खाली ठेवली.

"सातवा जो बसला तो पहिला. तो हात घाई करत नाही. थांबायचं तिथे थांबतो. मारून झालं की लगेच उचलतो, हावरटपणा नाही. आमच्या घरी एक हात आहे, कपांचे कान तोडायला. असा एखादा हात असता तर मी त्याला रेशीम शिवायला दिलं असतं. कोण आहे तो, बघू दे मला."

पोरांनी साहेबांना पुढे ढकललं. ते हेल्मेट घालून उभे, हलेनात. मला वाटलं, निभावलं. पण अहो, माणसानं चेहरा झाकला तरी अंगात शर्ट होता, आणि तो शर्ट वहिनींनी शिवलेला होता. टेलरच्या नवऱ्यानं हेल्मेट घालून लपायचं म्हणजे काय म्हणावं? वहिनींनी कॉलर बघितली. खांद्याची शिवण बघितली. मग बाहीचं टोक दोन बोटांत धरून उलटं करून बघितलं आणि तशाच उभ्या राहिल्या. गल्लीनं पहिल्यांदाच त्यांना गप्प बघितलं.

"काढा ते," त्या हळूच म्हणाल्या.

साहेबांनी हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटलेले, डोळे जमिनीवर. म्हणाले, "मला वाटलं तू हसशील."

"हसणार आहे," वहिनी म्हणाल्या. "घरी गेल्यावर."

इथे वादळला कंठ फुटला. हे तर काकूंचे मिस्टर, म्हणजे हाही घरचाच, मेहुण्याच्या वेळी आम्ही बोललो ते काय चुकीचं होतं, आणि वर हा माणूस एक डाव हरलाय, हरलेला पहिला कसा? गणित तिथल्या तिथे म्हणाली की तो डाव धरू नका, त्यांना दिसत नव्हतं, मलाच खेळायला लाज वाटत होती. पण घरच्या माणसाचा प्रश्न उरलाच. साहेब हेल्मेट परत उचलायला लागले. म्हणाले, राहू दे, नंबर कळला, मला पुरे आहे. 

वहिनी वादळकडे वळल्या.

"तीस वर्षं मी या माणसाच्या हातांना नावं ठेवतेय. अख्खी गल्ली साक्षीला आहे. मी याला फुकट पहिला करीन, असं वाटणारा एक माणूस दाखव."

वादळनं सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. असा माणूस गल्लीत तर नव्हताच, पलीकडच्या दोन गल्ल्यांतही सापडला नसता. वादळ म्हणाला, बरोबर आहे काकू, आणि मागे जाऊन उभा राहिला.

मी बोर्ड पुसला, मार्कर घेतला. स्पर्धेच्या लोकांना अडीच चालणार नाही, नाव लागेल, म्हणून वहिनींना विचारलं काय लिहू. नवऱ्याला त्यांनी आजवर नाना नावं ठेवली, पण त्याचं स्वतःचं नाव तोंडानं घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या अडखळल्या. साहेबांकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं.

"लिहा," म्हणाल्या, "आमचे हे."

मी तसंच लिहिलं, एक नंबर, आमचे हे. कुणी हसलं नाही. साहेब बोर्डाजवळ गेले आणि ते तीन-चारदा वाचलं, टाइप केलेलं तपासावं तसं. मग स्टुलावर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. पोरांना कळेना कुठं बघावं, मीही उगाच मशिनीची वायर तपासली.

वहिनींनी गळ्यातला टेप काढून खिळ्याला अडकवला आणि शेजारचं स्टूल ओढलं.

"सरका थोडे," त्या म्हणाल्या. "आणि कुठलं बटण कशाचं, ते मला सांगा."