बॅटरीला नमस्कार

काल तिन्हीसांजेला वीज गेली. मी बॅटरी लावून टेबलावर उभी केली आणि हात आपोआप जोडले गेले. लेक हसली, "बाबा, बॅटरीला कसला नमस्कार!" लहानपणी आईला मीही असाच हसायचो. "उजेड आहे ना? मग झालं," एवढंच ती म्हणायची.

पुढे कॉलेजात कळलं, तारेतले इलेक्ट्रॉन मुंगीपेक्षाही हळू सरकतात. बटणापाशी असलेला इलेक्ट्रॉन दिव्यापर्यंत लगेच पोचतच नाही. पण बटण दाबताच रेटा साऱ्या तारेला मिळतो. दिव्यात आधीपासून असलेलेच हलतात आणि उजेड पडतो.

लेकीनं आजीला पाहिलेलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं वीज आली, तेव्हा हसता हसता तिचेच हात आधी जोडले गेले.